घरगुती माती-प्रयोगशाळा, नोंद चौथी : जांभ्याने घातलेला घोळ

४२५ मायक्रॉनची जुनी पितळी चाळणी हाती लागली आणि लगेच फुगवण चाचणी लावली. कृती सोपी आहे. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम एका मोजपात्रात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकायची. ढवळून बुडबुडे काढायचे, २४ तास हात लावायचा नाही. मग दोन्हीकडचा थर किती मिलीवर बसला ते वाचायचं. पाण्यात माती फुगते, रॉकेलमध्ये फुगत नाही. त्या फरकाला रॉकेलच्या आकड्याने भागून टक्के काढायचे.

सगळ्यात अवघड गेलं ते रॉकेल मिळवणं. शेवटी एका स्टोव्ह दुरुस्तीवाल्याने अर्धा लिटर दिलं, तेही ‘माती भिजवायला?’ असं दोनदा विचारून.

नमुने तीन. बार्शीकडची मामाच्या शेतातली काळी, सासवडच्या वाटेवरचा मुरूम आणि लांज्याच्या चिरेखाणीतला जांभ्याचा भुगा.

काळीने नाव राखलं. रॉकेलमध्ये ११ मिली, पाण्यात २०. म्हणजे ८२ टक्के. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात भिंतींना तडे, हे मामाकडे लहानपणापासून बघतोय. करामत त्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाची, ते आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेतं. मुरूम १०.५ वरून ११.५. त्याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

जांभा मात्र पाण्यात ११ आणि रॉकेलमध्ये १२.५! उणे १२ टक्के. पाण्यात घातल्यावर आक्रसणारी माती? पात्रांच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या आणि पुन्हा लावलं. पुन्हा उणे. मग शंका आली, नमुने ज्यात वाळवले होते त्या ओव्हनची. जांभ्याची माती ओव्हनमध्ये तापवली की तिचे कण एकमेकांना चिकटतात, चिकणपणा घटतो. तिसऱ्यांदा सावलीत वाळवलेला भुगा घेतला. आकडे थोडे हलले, पण उणे ते उणेच.

वाचल्यावर उलगडा झाला. जांभ्यात चिकणमातीचा भाग मुख्यतः केओलिनाइट या खनिजाचा, तो फुगणाऱ्यातला नव्हे. रॉकेलमध्ये त्याचे कण एकमेकांना धरून सैल, पोकळ गुठळ्या करून बसतात, म्हणून तिथला थरच जाड होतो. म्हणजे आपण ज्याला ‘न फुगलेली माती’ धरतो तो आकडाच इथे फसवा. श्रीधरन आणि प्रकाश या माती-संशोधकांनी म्हणूनच टक्क्यांऐवजी साधं गुणोत्तर सुचवलं : पाण्यातला आकडा भागिले रॉकेलमधला. १ च्या आत न फुगणारी, १.५ पर्यंत कमी, २ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. माझा जांभा ०.८८, मुरूम १.१ आणि ८२ टक्क्यांनी घाबरवणारी काळी १.८, म्हणजे मध्यमच. हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, ‘भिंत बघायला ये, मग मध्यम म्हण.’

पुढे काळीची द्रवसीमा, म्हणजे किती टक्के पाण्याला माती वाहू लागते तो आकडा. आयएस १४९८ या माती-वर्गीकरणाच्या भारतीय मानकाप्रमाणे ती ५० च्या वर गेली तर माती जास्त संकोच्य, म्हणजे दाबाखाली जास्त दबणाऱ्या, गटात जाईल. द्रवसीमा मोजायची कॅसाग्रांडेची वाटी घरी बनवतोय; पितळी वाटी मिळाली, पण ती दर ठोक्याला बरोबर १० मिमीवरून पडेल अशी कळ अजून जमत नाही. सायकलच्या पेडलचा एक तुकडा लावून बघतोय. कुणी केली असेल तर फोटो टाका. रॉकेलची पात्रं मात्र आता बाल्कनीत गेली आहेत, घरच्यांच्या हुकमावरून.