मरळीसाठी बासचं साहित्य : दुसऱ्या हंगामाची वही

दसऱ्यानंतर सुरू केलेला हंगाम मृगाच्या पहिल्या सरींबरोबर थांबवला आणि काल रात्री वही उघडून बेरजा केल्या. भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यात सोळा फेऱ्या झाल्या. मरळीनं ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, झडप घातली ३७ वेळा, त्यातल्या १८ हातात आल्या. पहिल्या हंगामात २४ झडपांमध्ये फक्त तीन आल्या होत्या. पाणी तेच, होडीवाले मामा तेच, ल्युअरही बहुतेक तेच. बदलला तो साहित्य निवडायचा क्रम, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितोय. पुण्यातून नव्यानं सुरुवात करणाऱ्याचे निदान काही हजार वाचावेत.

पहिल्या वर्षी मी आधी रील घेतलं. २५०० नंबरचं स्पिनिंग, फिरवायला लोण्यासारखं. मग त्याला शोभेल असा सहा फुटी मीडियम-लाइट रॉड, मग दुकानात जी होती ती ०.२८ मिलिमीटरची नायलॉनची तंगूस, आणि उरलेल्या पैशांत ल्युअर. आता माझी ठाम समजूत आहे की हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी पाणी बघायचं, त्या पाण्यात कोणता ल्युअर चालेल ते ठरवायचं, तो ओढायला कोणती दोरी लागेल ते बघायचं, मग रॉड. रील सगळ्यात शेवटी.

आपलं पाणी म्हणजे काय, तर काठाला बेशरमीची झुडपं अर्धी पाण्यात, मध्ये जलपर्णीचे तुकडे, खाली शेवाळ. मरळ नेमकी तिथंच बसते. अमेरिकेतला लार्जमाउथ बासही असाच आडोशाला दबा धरून बसणारा मासा. म्हणून बाससाठी तयार झालेलं साहित्य आपल्याकडे मरळीला चालतं, आणि आपण सगळे त्याच लोकांचे व्हिडिओ बघून शिकतो. पण दोन फरक मला अनुभवातून कळले. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, मरळ चावते. बासचे दात पॉलिश पेपरसारखे बारीक, त्यामुळे त्याचा खालचा ओठ अंगठ्यात धरून त्याला उचलता येतं. मरळीच्या तोंडात असा अंगठा घालू नका, तिचे दात खरेखुरे दात आहेत. लांब दांड्याचा चिमटा आणि ओला हात, एवढंच वापरा.

तिसरा फरक मामांनी दाखवला. मरळीला केवळ कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या फेरीला मी झुडपाच्या तोंडाशीच रबरी बेडूक टाकायला निघालो होतो.

"मामा, इथं टाकू का?"

"तितं नगं, दादा. त्या बुडाशी बुडबुडं बघा. दम घ्याया वर आली व्हती, आता खाली बसली. जरा थांबा, मंग पल्याड टाका आन् तिच्या डोक्यावरनं वडत आना."

हे 'पल्याड टाकून ओढत आणणं' एकदा पक्कं झालं की ल्युअर आपोआप ठरतो. उघड्या ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकचा कोणताही ल्युअर दुसऱ्या फेकीला बेशरमीत अडकतो. चालतो तो पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही हुक पाठीला चिकटून असतात आणि माशानं दाबल्यावरच बाहेर येतात. माझ्याकडे चार प्रकारचे आहेत. वजनं पाकिटावर लिहिलेली असतात, तरी मी सगळे छोट्या डिजिटल काट्यावर तोलले : सर्वांत हलका ८ ग्रॅम, सर्वांत जड १७. रॉड निवडताना हाच आकडा उपयोगी पडला.

बेडकावर घरी थोडं काम करतो. पायांच्या रबरी झिरमिळ्या एका बाजूनं सेंटीमीटरभर कापल्या की तो सरळ न येता डावी-उजवी मान टाकत येतो. हुकची टोकं पक्कडीनं केसभर वर उचलतो आणि टोकाजवळचे उलटे काटे दाबून सपाट करतो. मरळीचं तोंड हाडाचं, सपाट काटा लवकर घुसतो आणि सोडताना तिला इजाही कमी होते. पाणी आत शिरलं की बेडूक बुडायला लागतो, म्हणून दर पाच-सहा फेकींनंतर पिळून घ्यायचा.

रंगावर मी पहिल्या वर्षी फार वेळ घालवला. आता दोनच ठेवलेत : पहाटे आणि ढगाळ दिवशी काळा, ऊन वर आल्यावर हिरवट पिवळा. मासा खालून बघतो, त्याला मुख्यतः सावली दिसते.

आता दोरी. हा या वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त बदल. ०.२८ ची तंगूस पाच-सहा किलोला तुटते आणि मुळात ताणते. वीस मीटरवर मरळीनं बेडूक दाबला, मी झटका दिला, की निम्मा झटका दोरीच खाऊन टाकते. हुक हाडात घुसतच नाही. पहिल्या हंगामातल्या २४ पैकी बहुतेक मरळी अशाच गेल्या. म्हणून ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरी घेतली. तिच्यावर जाडीचा जपानी पीई नंबर असतो. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई ३ म्हणजे ०.२८५. म्हणजे जवळपास त्याच जाडीत तिप्पट ताकद, आणि ताण जवळजवळ शून्य. शेवाळातून ओढताना ती करवतीसारखी कापत येते. बेडकासाठी मी लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा) लावतच नाही, ब्रेडेडच थेट पालोमार गाठीनं बांधतो. लीडरचं फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं, बेडकाचं तोंड खाली ओढतं. एक काळजी घ्या : ब्रेडेड रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चाकावर) थेट गुंडाळली तर सगळीच्या सगळी घसरून फिरते. खाली आठ-दहा मीटर तंगूस घ्या, नाहीतर इन्सुलेशन टेपचा एक वेढा.

जुन्याच रॉडवर नवी दोरी लावून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच फेऱ्या केल्या. १२ झडपा, ४ मासे. हुक लागायला लागला, पण नवा प्रश्न आला. रॉड मधोमध वाकतो, तेवढ्यात मरळ बेशरमीच्या मुळांत जाते आणि मग ती तुमची नसते. त्यातली एक नक्कीच अडीच किलोच्या वर होती. तिचं डोकं मी पाहिलं, अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून डिसेंबरात रॉड बदलला. दांड्यावर छापलेलं नीट वाचायची सवय लावा, ब्रँडच्या नावापेक्षा त्या ओळीत जास्त माहिती असते. माझ्या नव्या रॉडवर ल्युअर १/४ ते ३/४ औंस लिहिलंय. एक औंस २८ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे ७ ते २१ ग्रॅम. माझे बेडूक ८ ते १७, बरोबर मध्ये बसले. पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात सुरुवातीला माझा गोंधळ व्हायचा. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. तो कुठून वाकतो ती ॲक्शन. बेडकासाठी मी मीडियम-हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन घेतला : शेंड्याचा तिसरा हिस्सा फेकीपुरता लवतो, खालचा भाग मासा उचलायला ताठ राहतो. लांबी सात फूट, दोन तुकड्यांचा. एका तुकड्याचा चांगला असतो हे मान्य, पण मी पहाटे साडेचारला दुचाकीवरून सोलापूर रस्त्यानं शंभर किलोमीटर जातो. प्लंबिंगच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन झाकणं आणि आत जुनी चादर, अशी पेटी केली. हंगामभरात रॉडची एकही कडी तुटली नाही.

शेवटी रील. इथं मी बेटकास्टर घेतलं आणि तो निर्णय पटलाय, पण ते घेण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास द्यायची तयारी हवी. यात फेकताना स्पूल स्वतः फिरतं. ल्युअर हवेत मंदावला आणि स्पूल नाही मंदावलं, की दोरीचं घरटं होतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे मरळ तशीही सुस्त असते (या दोन महिन्यांतल्या दोन फेऱ्यांत एकही झडप नाही), म्हणून तो काळ सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत १० ग्रॅमचं शिसं बांधून सरावात घातला. मला जमलेली पद्धत अशी. ल्युअर शेंड्याला लटकवून बटण दाबायचं. तो सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इतका बाजूचा नॉब आवळायचा. चुंबकी ब्रेक पूर्ण वर. मग आठवड्याला एक-एक अंक खाली. ३५ मीटर दोरी बाहेर काढून उरलेल्या स्पूलवर टेप लावायचा, म्हणजे गुंता झाला तरी त्याखाली जात नाही. अंगठा शेवटपर्यंत स्पूलवर, आणि पाण्यावर पडायच्या आधी दाब. वाऱ्याविरुद्ध फेकायचं असेल तर ब्रेक पुन्हा वर, यात कमीपणा नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सलग चाळीस फेकी गुंत्याशिवाय गेल्या. त्या दिवशी ऑफिसात काम सुचेना, इतका आनंद झाला होता.

गिअर रेशोचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतं त्याचं, गणित एकदा कागदावर केलंत तर डोक्यात बसेल. ३४ मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलचा घेर साधारण १०७ मिलिमीटर. रेशो ७.१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७६ सेंटीमीटर दोरी येते, ५.४ असेल तर ५८. बेडूक ओढताना दोरी ढिली पडते, मरळ लागली की ती ढिल क्षणात गोळा करावी लागते. तिथं ७.१ कामाला येतं. खोल बुडणारे क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कडक ल्युअर) ओढायचे असतील तर सावकाश रील बरं, मनगट दुखत नाही.

फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत चार फेऱ्या, १५ झडपा, ९ मासे. साहित्याइतकाच यात एका गोष्टीचा हात आहे : पाणी फुटल्याबरोबर झटका द्यायचा नाही. मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' म्हणायचं, दोरीला वजन जाणवलं की मग रॉड वर. सर्वांत मोठी २ किलो ८०० ग्रॅम, ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा भाग) पूर्ण आवळलेला, झुडपापासून चार हातांवर. मामा होडी मागे घेत होते आणि मी फक्त रॉड उंच धरून उभा होतो. ती पाण्यात परत गेली. हंगामात दोनच घरी आणल्या, आईनं कालवण केलं.

मार्चअखेर पाणी उतरायला लागलं. पुढे उजनी मायनसमध्ये गेली, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि आमची सगळी बेशरम कोरड्यावर उभी राहिली. बेडूक निरुपयोगी झाला. मग टेक्सास रिग : पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मागे ऑफसेट हुक, त्याचं टोक रबरी अळीच्या अंगात लपवलेलं. वजन टंगस्टनचं घेतलं. त्याची घनता १९.३, शिशाची ११.३, त्यामुळे त्याच वजनाचा तुकडा खूप लहान येतो, दगडांत कमी अडकतो, आणि शिसं पाण्यात सोडल्याची टोचणीही राहत नाही. इथं दोरी पीई १.५ आणि हातभर फ्लुरोकार्बन. जुना मीडियम-लाइट रॉड या कामाला सुंदर लागला, म्हणजे तो वाईट कधीच नव्हता, चुकीच्या पाण्यावर नेला होता. शेवटच्या पाच फेऱ्यांत १० झडपा, ५ मरळी, आणि मोजल्या नाहीत इतक्या चिलाप्या. चिलापीसाठी ३ ग्रॅमचा स्पिनर पुरतो, लहान मुलांना घेऊन जायचं तर यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

मे महिन्याची एक गोष्ट कळकळीनं सांगतो. हे रॉड कार्बनचे आहेत, वीज वाहून नेतात. वळवाचं आभाळ भरून आलं की मासा कितीही लागत असो, रॉड आडवा ठेवा आणि पाण्यावरून निघा. काठावर शेतीपंपांच्या तारा खाली झोल खात असतात, त्यांच्याखाली सात फुटी रॉड उभा धरून चालू नका. आणि कुठल्याही धरणावर जाण्याआधी मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे, ठेकेदाराकडे की मच्छीमार सोसायटीकडे, ते विचारून परवानगी घ्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडच्या काठाला तर जायचंच नाही, ते लष्करी क्षेत्र आहे.

बास स्वतः आपल्या पाण्यात नाही आणि कुणी आणून सोडूही नये. जॉर्ज पेरीनं १९३२ साली जॉर्जियात धरलेला २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास आणि २००९ साली मानाबू कुरितानं जपानच्या बिवा सरोवरात त्याच्याशी केलेली बरोबरी, हे वाचायला मलाही आवडतं. पण आपल्याकडे काय आहे ते बघा. दख्खनच्या महसीरचं, आपल्या खडशीचं, शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनं १८३९ साली केलं ते इथल्याच मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशांवरून. पुलावरून जाताना ते आठवतं आणि पोटात कालवतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली शेवटची फेरी. काठालगत तांबूस पिल्लांचा ताटाएवढा घोळका वर-खाली होत होता आणि त्याच्या खाली एक लांब सावली. पिल्लांवरची मरळ बेडकावर हमखास धावते, भुकेनं नाही, राखणीसाठी. ती उचलली की बाकीचे मासे तासाभरात तो घोळका फस्त करतात. मामांनी काही न बोलता होडी वळवली.

रीलचा ड्रॅग ढिला केला, स्पूल गोड्या पाण्यानं पुसलं, बेअरिंगला एकेक थेंब तेल दिलं. दसऱ्यापर्यंत एकच काम : रायगडच्या खाडीत जिताड्यासाठी एक सेट जुळवायचा आहे. त्याच्या कल्ल्याची कड धारदार, म्हणून लीडर ४० पौंडांचा पक्का झालाय. ल्युअरची वजनं ठरली की मग रॉड बघेन. तिकडच्या भरती-ओहोटीत कुणी १५ ते ३० ग्रॅमचे ल्युअर फेकले असतील तर कोणता चालला ते कळवा.