लँकेस्टरच्या गाडीवाटा

फिलाडेल्फियाहून पश्चिमेला निघालेला ३० क्रमांकाचा महामार्ग लँकेस्टर काउंटीत शिरला की दोन्ही बाजूंना मक्याची शेते आणि गोठे दिसू लागतात, आणि मोटारींच्या रांगेपुढे एखादी करड्या रंगाची घोडागाडी संथपणे चाललेली असते. पेनसिल्व्हेनियातील हा शेतकरी मुलूख लोक बहुधा आमिश समाजाची, म्हणजे मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांची, राहणी पाहण्यासाठी गाठतात. आम्ही मात्र तेथील जुने रस्ते, रूळ आणि पूल पाहण्यासाठी गेलो होतो.

१७९५ साली पूर्ण झालेला फिलाडेल्फिया-लँकेस्टर टर्नपाइक साधारण याच वाटेने जात असे. हा ६२ मैलांचा खडीचा रस्ता एका खासगी कंपनीने भागधारकांच्या पैशातून बांधला आणि टोल आकारून चालवला. अमेरिकेतील लांब पल्ल्याचा पहिला पक्का रस्ता म्हणून त्याचे नाव घेतले जाते. टोलच्या दरांतील एक तरतूद मला फार आवडली. अरुंद चाके रस्ता कापत जातात आणि रुंद चाके तो दाबून घट्ट करतात, म्हणून रुंद चाकांच्या गाड्यांना दर कमी असे. टोलनाक्यांवरचे वाद ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हा हिशेब जवळजवळ अविश्वसनीय वाटला.

या रस्त्यावर मालवाहतूक करणारी कोनेस्टोगा वॅगन याच काउंटीतील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात अठराव्या शतकात घडली. लँडिस व्हॅली येथील संग्रहालयात ती जवळून पाहता येते, आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा. निळा सांगाडा, तांबडी चाके आणि पांढऱ्या कापडाचे छत असलेली ही गाडी सहसा सहा घोडे ओढत. तिचा तळ सपाट नाही. तो मध्ये खोलगट असून दोन्ही टोकांना वर उचललेला आहे, जेणेकरून चढ-उतारावर माल मागेपुढे घसरून फळ्यांवर आदळू नये. चाकांवर आपल्या बैलगाडीच्या चाकांसारखीच लोखंडी धाव चढवलेली आहे. गाडीवानाला आत बसायला जागाच नव्हती. तो डाव्या बाजूने पायी चाले, डावीकडच्या मागल्या घोड्यावर बसे, किंवा दमला की गाडीच्या डाव्या कुशीतून एक आखूड फळी बाहेर ओढून तिच्यावर टेके. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने जाण्याची रीत पडली त्यामागे डावीकडून हाकल्या जाणाऱ्या या गाड्या हे एक कारण मानले जाते.

रेल्वे आली तसा या गाड्यांचा धंदा बसला; पण ज्या रेल्वेंनी तो बसवला त्यांच्यापैकी एक स्ट्रासबर्ग गावी अजून धावते आहे. १८३२ साली सनद मिळालेली आणि स्ट्रासबर्गपासून लीमन प्लेसपर्यंत जेमतेम साडेचार मैल जाणारी ही रेल्वे गेल्या शतकाच्या मध्यास बंद पडण्याच्या बेतात होती. १९५८ साली रेल्वेप्रेमींच्या एका गटाने ती विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी पर्यटकांसाठी गाडी सुरू केली. आमच्या गाडीला ९० क्रमांकाचे, १९२४ साली बाल्डविन कारखान्यात बनलेले इंजिन होते, जे मूळचे कोलोरॅडोत साखरेच्या बिटाची वाहतूक करीत असे. लीमन प्लेसला इंजिन सोडवून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला नेतात आणि पुन्हा जोडतात. ते काम पाहत असतानाच बाजूच्या मुख्य मार्गावरून अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची विजेवरची गाडी सुसाट निघून गेली, तेव्हा आमच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनने तिच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. डब्यात लहान मुलांचा गोंगाट फार असल्यामुळे हे सगळे करमणुकीचे वाटण्याचा संभव आहे; परंतु ही रेल्वे आजही मालवाघिणी पोहोचवते, आणि अन्य ठिकाणची वाफेची इंजिने दुरुस्तीसाठी तिच्या कारखान्यात येतात. रस्त्यापलीकडचे पेनसिल्व्हेनिया रेल्वे संग्रहालय दिमाखदार आहे खरे, पण चालत्या इंजिनाचा कोळशाचा वास घेऊन आल्यावर तेथील चकचकीत इंजिने मला जरा मुकी वाटली.

काउंटीत छपराचे दोन डझनांहून अधिक लाकडी पूल उरले आहेत. छप्पर वाटसरूंच्या सोयीसाठी नसून तुळया आणि कमानी पावसाने कुजू नयेत यासाठी असते. कोनेस्टोगा नदीवरचा पाइनटाउनचा पूल १८६७ सालचा आहे. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात त्याची वाताहत झाली, तेव्हा स्थानिक आमिश सुतारांनी तो पुन्हा उभारला, तोही पाण्यापासून अधिक उंच. पुलावरून एका वेळी एकच गाडी जाते. समोरून बग्गी येत होती म्हणून आम्ही मोटार अलीकडे थांबवली. बग्गीवाल्याने हात उंचावला आणि तो निघून गेला. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा, कारण आमिश मंडळींना आपले छायाचित्र काढलेले आवडत नाही.

शेवटचा मुक्काम सस्क्वेहाना नदीकाठच्या कोलंबिया गावी होता. येथून पलीकडच्या राइट्सव्हिलपर्यंत मैलाहून लांब असा छपराचा पूल १८३४ साली बांधला गेला. त्यावरून रस्ता आणि रेल्वे दोन्ही जात, आणि पुढे कालव्यातील नावा नदीपार ओढून नेणाऱ्या खेचरांसाठी वेगळी वाटही जोडण्यात आली. इंजिनाच्या ठिणग्यांनी लाकूड पेटू नये म्हणून रेल्वेचे डबेदेखील जनावरांकडून ओढून घेत. एवढी काळजी घेतलेला तो पूल जून १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, दक्षिणेच्या फौजेला नदी ओलांडता येऊ नये म्हणून उत्तरेच्याच सैनिकांनी पेटवला. वारा फिरून आग राइट्सव्हिलच्या घरांना लागली, तेव्हा ती विझवण्यासाठी बादल्यांची रांग धरली ती दक्षिणेच्या सैनिकांनी. आजचा काँक्रीटचा कमानी पूल १९३० सालचा आहे.