तुम्ही विचारलंत म्हणून : पाखरांसाठी कुंडीत काय लावायचं?

जिन्यात भेटलेले शेजारी विचारतात, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे शेजारी बसलेले अनोळखी लोक विचारतात, आणि परवा मावसबहिणीने फोनवर विचारलं : "तुझ्या पाखरांसाठी गॅलरीत काय काय लावलंयस गं? आम्ही लावलं तर चालेल का? आणि चुकून काही विषारी निघालं तर?" दर वेळी घाईघाईत अर्धवट सांगितलं जातं, आणि या बाबतीत अर्धवट सांगणं धोक्याचं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

माझ्याकडे दोन छोटे पोपट आहेत. शेवंती ही पिवळी कॉकाटील, वजन ९० ग्रॅमच्या आसपास. कैरी हा हिरव्या गालांचा कोन्यूर, तो ७० ग्रॅम. दोन्ही जाती परदेशातल्या. कैरीची नोंद परदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर केलेली आहे. आपला रानातला हिरवा राघू पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हेही इथेच सांगते, कारण "आमच्या राघूला काय देऊ" असं मला बरेच जण विचारतात. जखमी राघू सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याची जागा झाडावर आहे.

या दोघांच्या आधी भुरा होता, करड्या रंगाचा कॉकाटील. ज्या दुकानातून आणला तिथे सांगितलं, "सूर्यफूल आणि कांग, बास. हिरवं देऊ नका, जुलाब लागतात." मी ऐकलं. तीन वर्षं तो रोज वाटीतलं सूर्यफूल आधी संपवायचा. मग शिंका सुरू झाल्या, नाकाशी चिकट काहीतरी दिसायला लागलं. डॉक्टरांनी चोच उघडून टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. टाळ्याला पांढरट पापुद्रे धरले होते. अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, यकृतावर चरबी चढलेली. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पोपटांमध्ये हे कायम दिसतं, असं ते म्हणाले. भुरा महिनाभर टिकला. हिरवी पानं, गाजर, लाल भोपळा त्याच्या पोटात वेळेवर गेलं असतं तर तो वाचू शकला असता, हे मला अजून लागतं.

मग बाजारातून मेथी आणली तर चालणार नाही का? कधीमधी मीही आणते, खळखळून धुते. पण पालेभाजीवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही, आणि जे आपल्या पोटाला जाणवणारही नाही तेवढं औषध ९० ग्रॅमच्या जिवाला खूप होतं. दुसरं कारण मला नंतर उमगलं. वाटीत चिरून ठेवलेल्या मेथीला शेवंतीने दोन महिने चोच लावली नव्हती. एकदा मी कुंड्यांना पाणी मारत होते आणि मेथीचा ओला ट्रे जमिनीवर राहिला. ती खाली उतरली, तुरा मागे चपटा केला, पंख पसरले आणि पोटावर त्या ओल्या पानांत शिरली. चांगली दहा मिनिटं लोळली. मग डोळ्यासमोर आलेला एक दांडा ओढला, तोडला, टाकला. पुढचा तोडला, चावला. तिसरा गिळला. त्या दिवसापासून मी मेथी चिरत नाही, अख्खा ट्रेच पुढे ठेवते. रानात पोपटाचा दिवस खाणं शोधण्यात, ओरबाडण्यात, सोलण्यात जातो. वाटीत ते काम उरतच नाही, आणि रिकाम्या चोचीने मग तो स्वतःची पिसं उपटायला लागतो.

तेव्हा सुरुवात मेथी आणि कोथिंबिरीनेच करा. बी स्वयंपाकघरातलं घ्यायचं. कृषी केंद्रातल्या पाकिटातलं बियाणं पुष्कळदा गुलाबी किंवा निळं दिसतं. तो बुरशीनाशकाचा थर असतो, ते पाखरांसाठी नको. मेथी रात्रभर भिजवून चार बोटं जाडीच्या मातीच्या थरात पेरली की तीन-साडेतीन आठवड्यांत हाताशी येते. धणे हलके रगडून दोन फोडी करायच्या, नाहीतर उगवायला फार वेळ घेतात. ट्रे नेहमी दोन ठेवा, एक पाखरांपुढे आणि एक विश्रांतीला, म्हणजे ओरबाडलेला पुन्हा फुटतो.

शेवगा मोठ्या ड्रममध्ये लावा आणि छातीच्या उंचीवर छाटत राहा. या पानांना मी सगळ्यात वरचं स्थान देते, कारण अ जीवनसत्त्वाची भरपाई आणि कॅल्शियम दोन्ही त्यात आहे. शेवंती नर नसतानाही अंडी घालते, आणि अंड्याचं कवच तिच्याच शरीरातल्या कॅल्शियमवर बनतं. म्हणून पालक मी फारसा देत नाही. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. जास्वंद जरूर लावा. कैरी फूल एका पायात धरतो, आधी हिरवा देठाकडचा भाग कुरतडतो, मग पाकळ्यांच्या चिंध्या करतो, आणि शेवटी चोचीला पिवळे पराग लागलेले असतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. मऊ ब्रश आणि पाण्याची धार, एवढाच माझा उपाय. नर्सरीतून आणलेलं झाड मात्र लगेच पाखरांना देऊ नका. काही कीटकनाशकं मुळांतून झाडाच्या अंगात भिनतात, वरून धुऊन जात नाहीत. मी माती बदलते, तीन-चार महिने बाजूला ठेवते, आणि त्यानंतर आलेली फुलं देते.

मिरची लावली म्हणून आमच्याकडे आलेल्या काकू घाबरल्या होत्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मिरचीचं बी रानात पक्षीच पसरवतात. पिकून लाल झालेली मिरची कैरीला इतकी आवडते की तो आधी ती फोडून बिया खातो. पण मिरचीचं फळच तोडून द्यायचं, झाड पुढे ठेवायचं नाही. टोमॅटो, वांगं, बटाटा या मिरचीच्याच कुळातल्या झाडांच्या पानांत विष असतं.

आता राळा. दुकानात कांग म्हणून मिळतो तो हाच. जूनमध्ये पेरला की ८०-९० दिवसांत कणसं वाकतात. आपण ज्वारीचा हुरडा खातो ना, तसं राळ्याचं कणीस दाणे चिकात असतानाच कापून टांगायचं. कैरी उलटा लटकून एकेक दाणा जिभेने फिरवतो, सोलतो, आणि खाली तुसाचा बारीक पाऊस पडत राहतो. सुकलेल्या कांगेसाठी त्याने कधी एवढी धडपड केलेली नाही. ज्वारी मात्र हिरव्या चाऱ्यासाठी पेरू नका. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. तेच सायनाइडचं विष या पाखरांनाही भोवेल. कोवळी पाती हवी असतील तर गहू पेरा, आठ-दहा दिवसांत होतो. पावसाळ्यात त्याच्या बुडाशी बुरशी दिसली तर अख्खा ट्रे फेकून द्या, वरची पानं वाचवत बसू नका.

आणि आता विषारी झाडं, कारण खरी भीती त्याचीच असते. कच्चा अळू घशाला खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया ही अळूच्याच कुळातली, त्यांच्यातही तेच स्फटिक आहेत, आणि ती तर जवळजवळ प्रत्येक हॉलमध्ये असतात. तोंड, जीभ, घसा सुजून पाखरू खाणं सोडतं. कण्हेर आणि बिट्टी तर थेट हृदयावर जातात. या दोन्ही झाडांची फांदी दांडी म्हणूनसुद्धा पिंजऱ्यात नको. घाणेरी, धोतरा, एरंड, पानचेटिया, अडेनियम, कोरफड हेही माझ्या गॅलरीत नाही. कांदा-लसणाची पात नको. कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा नको. मोड आणायचे तर मुगाला आणा. ॲव्होकॅडो हल्ली बरेच लोक कौतुकाने आणतात. त्याची एक फोडसुद्धा पाखरापुढे ठेवू नका, ते जिवावर बेततं. काही खाल्ल्याचा संशय आला तर वाट न बघता त्या झाडाचं पान पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. पान हाती असलं की त्यांना लगेच पुढचं करता येतं.

मातीबद्दल एवढंच, की पाखरं माती चाखतात. युरिया किंवा डीएपीचे दाणे अजिबात घालू नका; चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं. वर मोठे गोटे पसरले की उकरणं कमी होतं. आमच्याकडे ठाण्यात कबुतरांचा त्रास फार, त्यांच्या विष्ठेतून पोपटांना आजार येतो, म्हणून कुंड्यांना नायलॉनची जाळी आहे. जस्ताच्या मुलाम्याची तार घेऊ नका. कैरी तारेची गाठ चावून सोडवतो, आणि जस्त पोटात गेलं तर तेही विषच.

मावसबहिणीला मी मूठभर राळा डबीत घालून ठेवलाय. यंदा आमच्याकडे तो श्रावणातच निसवला. पहिल्या कणसातले दाणे नखाने दाबून बघते आहे. अजून पाणीच आहे, चीक भरायला आठवडा लागेल. कैरी मात्र सकाळपासून जाळीशी येऊन बसतो आणि त्या कणसाकडेच बघत राहतो.