चारसाब असतानाची एक रात्र

समुद्र खवळलाय हे इंजिन रूममध्ये आधी कानांना कळतं. जहाजाचं नाक खाली गेलं की मागे प्रोपेलर पाण्याबाहेर येतो, भार एकदम जातो आणि इंजिन सुसाट पळायला लागतं. वेग आवरणारा गव्हर्नर इंधन तोडतो. मग मागची बाजू पाण्यात आपटते आणि पायाखालच्या प्लेट्स थरथरतात.

मी तेव्हा चारसाब, म्हणजे फोर्थ इंजिनिअर होतो. इंधन शुद्ध करणारे प्युरिफायर, फिल्टर, इंधनाच्या टाक्या माझ्याकडे. माल भरलेलं बल्क कॅरिअर, म्हणजे सुट्या मालाचं जहाज, घेऊन आम्ही दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने केपकडे निघालो होतो. तिथे अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येला जोरात वाहतो. समोरून नैर्ऋत्येचाच वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. चीफसाबांनी संध्याकाळीच आरपीएम 90 वरून 72 वर आणले आणि संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, ल्युब ऑइल (वंगण) वाढवून घेतलं. जहाज कलंडलं की तेल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि इंजिन आपोआप बंद होतं. ती काळजी घेतली होती. इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या माझ्या सर्व्हिस टँकच्या तळाचा विचार मात्र मी केला नव्हता.

रात्री अकराच्या सुमारास फ्युएल फिल्टरच्या डिफरन्शियल प्रेशरचा अलार्म वाजला, म्हणजे फिल्टर तुंबत चालला होता. तळाला साचलेला गाळ हेलकाव्यांनी ढवळून वर आला होता. ऑटो फिल्टर सारखा स्वतःला धूत होता तरी पुरा पडेना. शेवटी तो बायपास करून हाताने साफ करायच्या, दोन बाजूंच्या फिल्टरवर आलो.

हेवी फ्युएल थंड असताना डांबरासारखं असतं. इंजिनात फवारण्याजोगं व्हायला ते साधारण 130 ते 140 अंशांपर्यंत तापवावं लागतं. म्हणून झाकणाच्या बोल्टला हात लावण्याआधी ती बाजू बंद करायची, व्हेंट कॉकने प्रेशर सोडायचं, ड्रेन करायचं आणि गेज पुन्हा बघायचं. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने रेलिंग धरलेलं. मोटरमनने, म्हणजे इंजिन रूममधल्या खलाशाने, मला कमरेला धरलं होतं. कँडल, म्हणजे फिल्टरच्या आतली जाळीची नळी, बाहेर काढला तर जाळी दिसेचना. नुसता काळा, चकचकीत थर, खरवडला तर नखात गच्च बसणारा. डिझेलच्या बादलीत बुडवा, ब्रशने घासा, हवेने फुंका, परत बसवा. तोवर दुसरी बाजू चोक व्हायला आलेली.

इंजिन थांबलं असतं तर जहाज लाटांना आडवं झालं असतं. जनरेटरही त्याच टाकीतलं तेल घेत होते. तीनसाबांनी वेळेत एक जनरेटर डिझेलवर घेतला, हे त्या रात्रीचं सगळ्यात शहाणपणाचं काम. ब्लॅकआउट झालाच तर इमर्जन्सी जनरेटरने 45 सेकंदांत वीज द्यायची असते. पण त्या समुद्रात सुकाणूशिवाय 45 सेकंद म्हणजे खूप झाले.

तीनच्या सुमारास एका झाकणाची ओ-रिंग फाटली आणि गरम तेलाची बारीक धार उडाली. सेकंडसाब शेजारीच होते, त्यांनी झटक्यात वॉल्व्ह बंद केला. तीच धार तापलेल्या एक्झॉस्टवर गेली असती तर आग लागली असती. माझ्या डाव्या मनगटावर तिचा डाग अजून आहे.

उजाडेपर्यंत चौदा वेळा फिल्टर उघडला. वारा उतरल्यावर चीफसाबांनी एवढंच विचारलं, "टँक रोज ड्रेन करतोस ना?"

"हो साब," म्हणालो.

करत होतो, पण कसा? त्या ड्रेन वॉल्व्हला स्प्रिंग असते, हँडल सोडलं की तो बंद होतो. पाणी येणं थांबलं की मी हात काढून घ्यायचो. त्या दुपारी खाली बसलो आणि हँडल धरून ठेवलं. थोडं पाणी आलं. मग तेल आलं, आणि एरवी मी इथेच सोडलं असतं. त्यामागून गुठळ्या आल्या, मग चॉकलेटी गाळ, थांबत थांबत, बराच वेळ. एकसारखं काळं तेल लागलं तेव्हा बोटं आखडली होती. चीफसाब कधी मागे येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही.

"उद्यापण एवढाच वेळ धर," ते म्हणाले आणि वर गेले.