ऊस-नोंद ४ : गिरगावातली रात्र, पाच पेले आणि बाटलीभर रस

शनिवारी गिरगावात मित्राच्या घरी जमलो. चौघं जण, पाच पेले रम, सगळं उसाचंच, आणि बाटली न बघता ओळखायचं. ताज्या रसाची रम आणि मळीची (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाची) रम यांतला फरक मला आता जिभेवर कळतो, पण नुसत्या वासावर पकडता येत नव्हता. म्हणून येताना दादरच्या एका रसवंतीतून अर्धा लिटर रस घेतला. बर्फ नको, आलं-लिंबूही नको.

लोकल आणि चालणं मिळून पाऊण तास गेला. झाकण उघडलं तर हिरवट रस तपकिरी पडलेला, वासही उतरलेला. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर तोडलेला ऊस लगोलग गाळायची एवढी घाई का, ते तेव्हा नाकाला पटलं. तिथल्या रमला १९९६ साली फ्रान्सचा एओसी दर्जा (मूळ ठिकाण आणि पद्धत यांची हमी) मिळाला, आणि त्यात रसच लागतो, मळी चालत नाही.

वहिनींनी पेल्यांच्या बुडाला आकडे चिकटवले. प्रत्येकी १५ मिली. फरसाण बाजूला ठेवून फक्त उकडलेल्या शेंगा घेतल्या, कारण तिखट लागलं की पुढचं काही कळत नाही.

दुसऱ्या पेल्यावर मी अडकलो, चांगल्या अर्थानं. ओलं वाढं, चरकाखालचं चिपाड, आणि मागून खारट काहीतरी. कराडकडे तोड चालू असताना बांधावर उभं राहिलं की येतो, तोच वास. चार थेंब पाणी टाकल्यावर तो आणखी मोकळा झाला. मार्टिनिकची पांढरी रम, ५० टक्के अल्कोहोलची. न बघता ओळखली, आणि खरंच फार आनंद झाला.

जमैकाची सोपी गेली. साल काळी पडलेली केळी, अननस, थोडं वॉर्निश. आंबवण लांबवायचं, रम गाळून उरलेलं जुनं पाणी त्यात पुन्हा वापरायचं, त्यातून एस्टर (फळांसारखा वास देणारी द्रव्यं) वाढतात आणि हा वास येतो. ओल्ड मंक तर चौघांनीही पहिल्याच हुंगण्यात सांगितली.

चुकलो ते दोन ठिकाणी. ब्राझीलची कशासा, म्हणजे तिथली उसाच्या रसाचीच दारू, अंबुराना नावाच्या झाडाच्या लाकडात मुरवलेली होती. दालचिनीसारख्या वासानं मला फसवलं आणि मी मळीची म्हणून लिहिली. हरियाणाची कामिकारा रसाचीच, १२ वर्षं पिंपात राहिलेली, तीही मळीच्या खात्यात टाकली. म्हणजे रस मला ओळखता येतो, पण लाकूड आलं की सुटतो. पुढचा सराव यावरच.

शेवटी ती पांढरी रम लिंबाच्या सालीची चकती पिळून घेतली. पाकाऐवजी घरची काकवी घातली, ती मात्र फसली. काकवीनं वाढ्याचा वास पार झाकून टाकला. मित्र म्हणाला, "अरे, हे तर गुऱ्हाळ झालं." बरोबर होतं त्याचं. साधा साखरेचा पाकच हवा, तोही अर्धा चमचा.

पुढच्या महिन्यात गावाहून ०२६५ या जातीचे दोन ऊस आणतोय. बुडख्याकडे गोडी जास्त, शेंड्याकडे कमी. दोन्हीकडची कांडी वेगवेगळी ठेचून त्या पांढऱ्या रमशेजारी ठेवायची आणि तिचा वास कुठल्या टोकाकडे झुकतो ते बघायचं. बाटलीत तेवढ्यापुरती शिल्लक ठेवली आहे.