वस्तीचा पैसा वस्तीत

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी, नारेगाव किंवा मिसारवाडीत गरिबांची घरे कोणी बांधली, असे विचारले तर उत्तर सोपे आहे: तिथे राहणाऱ्यांनीच. आधी वीस बाय तीसचा प्लॉट, त्यावर पत्र्याची एक खोली, दोन-चार वर्षांनी विटांच्या भिंती, मुलीच्या लग्नाआधी फरशी आणि सर्वांत शेवटी, जमलेच तर, स्लॅब. हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता तो मला नियमच वाटतो. या बांधकामाचा पैसा भिशीतून येतो, दागिने गहाण ठेवून येतो, ठेकेदाराकडून घेतलेल्या उचलीतून येतो आणि गेल्या काही वर्षांत घरोघरी फिरणाऱ्या फायनान्सवाल्यांकडून येतो. बँकेतून तो क्वचितच येतो. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला आणि आता वस्तीतल्या बचत गटांच्या वह्या तपासून देणारा माणूस म्हणून मला यात दुखते ते एवढेच, की टप्प्याटप्प्याने घर बांधण्याची ही लोकांची रीत गृहीत धरून आपल्याकडे कर्ज किंवा अनुदान यांची आखणी फारशी झालेली नाही.

या वस्त्या उभ्या कशा राहिल्या, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. १९७२च्या दुष्काळाने गावे सोडायला लावली, आधी चिकलठाण्याच्या आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीने हाताला काम दिले, पण कामगारांनी राहायचे कुठे याचे उत्तर कारखान्यांकडे नव्हते. सिडको या सरकारी महामंडळाने शहरात चांगल्या आखणीच्या वसाहती वसवल्या, त्यांत अल्प उत्पन्न गटासाठी छोटी घरेही होती, मात्र येणाऱ्या लोंढ्याच्या मानाने ती अपुरी पडली. मग शहराच्या कडेच्या शेतकऱ्याने शेत गुंठ्यांत विकायला काढले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातही अर्धा गुंठा परवडणारे गिऱ्हाईक जास्त. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याचे खरेदीखत होत नव्हते, म्हणून व्यवहार शंभर रुपयांच्या बाँडवर, नोटरीचा शिक्का मारून होत राहिले. मराठवाड्यात याला निजामाच्या काळातल्या इनाम जमिनींचा आणखी एक पीळ आहे. हैदराबाद संस्थानातली इनामे १९५४च्या कायद्याने रद्द झाली, पण त्यांतल्या कित्येक जमिनी वर्ग दोनच्या म्हणून नोंदल्या गेल्या आणि परवानगी व नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांशिवाय त्यांचे हस्तांतरण अडून राहिले. ज्या बाईने पैसा-पैसा जोडून बाँडवर जागा घेतली, तिला हा इतिहास कोणी सांगितलेला नसतो. तिच्याकडे घरपट्टीची पावती असते, वीजबिल असते, आधार कार्डावर पत्ता असतो, आणि तरीही जागा तिची नसते.

राज्य सरकारने २००१मध्ये गुंठेवारी विकास नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१मध्ये त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला. कायदा चांगला आहे. अडचण अशी की नियमित करून घेण्याचा खर्च एकरकमी आणि आधी भरावा लागतो: नकाशा, मोजणी, विकास शुल्क, प्रशमन शुल्क. ज्याच्याकडे तेवढी रक्कम एकदम असते त्याची फाइल पुढे सरकते, आणि ज्याला नियमितीकरणाची खरी गरज आहे तो पुढच्या मुदतवाढीची वाट पाहतो. या शुल्कासाठी कर्ज मिळाले, तर त्या कर्जाने जेवढी किंमत निर्माण होईल तेवढी घराच्या दुसऱ्या कोणत्याही खर्चाने होणार नाही, कारण कागद झाला की तीच जागा तारण म्हणून चालते. पण तारण नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून तारण तयार होत नाही.

इथे मला माझ्या जुन्या धंद्याबद्दल बोलले पाहिजे. वस्तीजवळच्या कोणत्याही शाखेत जाऊन पाहा, बचत खात्यांची रांग वस्तीतल्या लोकांची असते. त्यांच्या ठेवींचा पैसा मात्र कर्ज होऊन दुसरीकडे जातो. अमेरिकेत हाच प्रश्न उघडपणे वंशभेदाच्या रूपात पुढे आला. तिथे १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या, आणि त्या रेषेच्या आतल्या माणसाला कर्ज मिळणे दशकानुदशके दुरापास्त झाले. दीर्घ लढ्यानंतर १९७७मध्ये तिथे कायदा झाला, की बँक ज्या परिसरातून ठेवी घेते त्या परिसराच्या, त्यातल्या गरीब वस्त्यांच्याही, कर्जाच्या गरजा ती भागवते की नाही हे तपासले जावे. आपल्याकडे अग्रक्रम क्षेत्राला ४० टक्के कर्ज देण्याचे बंधन आहे आणि ते मोलाचे आहे, पण ते शेती, लघुउद्योग, गृहकर्ज अशा कारणांवर बेतलेले आहे. ठेवी आणि कर्जे यांचे गुणोत्तर आपण पाहतो ते जिल्ह्याचे. जिल्ह्याच्या आकड्यात वाळूजच्या कारखान्याचे कर्ज आणि नारेगावातल्या ठेवी एकत्र मिसळतात, आणि नारेगावाला किती मिळाले हे कोणालाच दिसत नाही. शाखानिहाय हा आकडा बँकांकडे असतो. तो बँका व प्रशासन यांच्या जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत मांडायला लावण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

आता अनुदानाकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, २०१५पासून, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. २०२४मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यातही ही वाट कायम आहे. या योजनेतले सर्वांत शहाणपणाचे कलम हेच, आणि वस्त्यांत ‘घरकुल’ म्हणतात ते बहुधा यालाच. पण हिशेब करून पाहा. योजनेतले घर ३० चौरस मीटरचे धरा, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. फुटाला दोन हजार रुपये धरले तरी साडेसहा लाखांच्या घरात खर्च जातो. उरलेले चार लाख कुठून आणायचे? शिवाय अनुदान हप्त्यांनी मिळते, आधी काम दिसले पाहिजे आणि मग पैसे. जोते भरायलाच उधारी करावी लागते. या फटीत फायनान्सवाले शिरतात, ज्यांचा व्याजदर वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास असतो, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की त्यातला काही भाग व्याजातच जातो. अर्थात, जागेचा कागद नसेल तर अर्जच पुढे जात नाही, म्हणजे गुंठेवारीतला माणूस पुन्हा पहिल्या दारावर येऊन उभा.

शहराबाहेर तिसगाव, पडेगाव अशा ठिकाणी हजारो सदनिका बांधण्याच्या योजनेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. निविदेतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून २०२३मध्ये ते प्रकरण अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीपर्यंत गेले. पण सगळे सुरळीत झाले असते तरी, सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहणाऱ्याला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामापासून दूर नेऊन ठेवणारे घर किती परवडले असते, याची मला शंकाच आहे.

राहणाऱ्याच्या हाती पैसा दिला तर तो बुडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठवाड्याचाच अनुभव आठवावा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, पण त्याखेरीज लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतःच केले. पैसा खात्यावर, टप्प्याटप्प्याने, अभियंता सल्ल्याला, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमलेल्या बायका, ज्या हप्ता कुठे अडला, भूकंपरोधक पट्टा नीट बसला की नाही, हे पाहत. स्थलांतरित गावांच्या रुंद रस्त्यांची आणि एकमेकांपासून दूर गेलेल्या घरांची तक्रार अजून ऐकू येते. दुरुस्तीच्या कामाने मात्र सिमेंट आणि लोखंड यांचे ज्ञान गवंड्यांच्या हातात ठेवले. हे खेड्यांत झाले, शहरात जागेची अडचण वेगळी आहे, हे मान्य. पण देखरेखीची ती पद्धत शहरात आणायला जागेची अडचण आड येत नाही.

बचत गटांकडे म्हणूनच मी आशेने पाहतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गटाला मिळालेले बँककर्ज घरबांधणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी वापरता येते, आणि दहा लाखांपर्यंत तारण मागायचे नसते. दहा जणींच्या गटात एकीच्या वाट्याला लाखभर येतात. लाखात घर होत नाही, पण तीनशे फुटांच्या खोलीचा स्लॅब बहुतेकदा होतो, आणि लोक घर असेच तर बांधतात. गटांना हे ठाऊक नसते, शाखाधिकाऱ्याला शिलाई मशीन आणि शेळीपलीकडची कारणे लिहायची सवय नसते. इथे एक सावधगिरी सांगतो. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या, जादा व्याजाच्या आशेने ठेवलेली आयुष्यभराची कमाई गेली, आणि ‘आपला पैसा आपल्यात’ या शब्दांवरून लोकांचा विश्वास उडाला, तो रास्तच आहे. म्हणून वस्तीने स्वतःचा निधी काढून ठेवी गोळा करू नयेत. सभासदांची बचत बँकेत राहावी, कर्ज बँकेने द्यावे, आणि कोणाला किती द्यायचे व कोणाचा हप्ता थकला हे वस्तीस्तर संघाने, म्हणजे वस्तीतल्या गटांच्या संघाने, महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचावे.

कागद झाला, स्लॅब पडला, ड्रेनेज आले की जागेची किंमत चढते. मग ज्यांच्यासाठी हे केले तेच विकून आणखी बाहेर जातात. या प्रश्नावर जगात जे उत्तर नावाजले गेले त्याचे मूळ आपल्या अंगणात आहे, हे कमी लोकांना माहीत असते. विनोबांना भूदानाची पहिली जमीन १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत मिळाली. ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातले, ज्यात त्या वेळी मराठवाडाही होता. पुढे ग्रामदानाच्या, म्हणजे गावची जमीन सामूहिक मालकीची करण्याच्या, कल्पनेतून प्रेरणा घेऊन अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी १९६९मध्ये न्यू कम्युनिटीज ही संस्था काढली: सुमारे ५,७०० एकर जमीन संस्थेच्या मालकीची, कसणाऱ्याला दीर्घ भाडेपट्टा. दुष्काळात सरकारी कर्ज वेळेवर न मिळाल्याने १९८५मध्ये ती जमीन गेली. तो भेदभाव होता हे पुढे मान्य होऊन भरपाईही मिळाली. शहरात ही कल्पना अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन इथे १९८४मध्ये रुजली. तिथे जमीन संस्थेची आणि घर कुटुंबाचे असते, आणि विकताना वाढलेल्या किमतीचा चौथा भाग कुटुंबाला मिळतो, म्हणजे पुढच्या गरिबालाही ते घर परवडते.

आपल्याकडे हे चालेल का? सिडकोतल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे भाडेपट्टा नको, मालकी द्या, अशी मागणी केली आहे. पण तिथे जमीनमालक होते दूरचे महामंडळ, आणि त्यात रहिवाशांना आवाज नव्हता. वस्तीच्या सहकारी संस्थेने जमीन धरली तर चित्र बदलेल, मात्र सध्याच्या नियमांत गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरणावर २५ हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही, म्हणजे वाढलेल्या किमतीचा वाटा ती राखू शकत नाही. ती मर्यादा सभासदांच्या लुबाडणुकीविरुद्ध होती आणि योग्य होती. गरिबांसाठी राखलेल्या जमिनीला त्यातून अपवाद करावा लागेल, आणि तो अपवाद बिल्डरांनी वापरू नये अशी भाषा कायद्यात लिहावी लागेल.

या सगळ्यात भाडेकरू कुठेच नाही. वाळूजजवळच्या रांजणगावात एकेका खोलीत तीन-चार कामगार राहतात, शौचालय दहा खोल्यांना एक, आणि नियमितीकरणाचा फायदा झाला तर तो खोल्यांच्या मालकाला. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा भाग आहे, पण तो मोठ्या प्रकल्पांचा विचार करतो. माझ्या मते या लहान मालकांनाच स्वस्त कर्ज द्यावे, आणि शौचालय, नळ, खिडकी व लेखी भाडेकरार या अटी त्या कर्जाला जोडाव्यात. भाडे किती वर्षे गोठवायचे, यावर मात्र आमच्या संघाच्या बैठकीतच दोन तट आहेत, कारण बैठकीला येणाऱ्या निम्म्या बायका स्वतःच एखादी खोली भाड्याने देतात.