तुम्ही विचारलंत म्हणून: दातातली चांदी काढायची का?

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, कधी भाजी घेताना, कधी लग्नात पंगतीला शेजारी बसल्यावर, की ताई तुम्ही एवढी वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलीत, मग सांगा की, ते जुनं चांदीचं फिलिंग असतंय बघा, काळं पडलेलं, त्यात पारा असतो म्हणे, ते काढून पांढरं भरून घेऊ का? आणि लगेच पुढचा प्रश्न, तुमच्या तोंडात आहे का? आहे. तीन आहेत. चार होती, त्यातलं एक काढलं, ते का ते सांगते पुढे.

पारा असतो हे खरं आहे, त्यात म्हणे-बिणे काही नाही. नाव चांदीचं, पण वजनानं निम्मा पाराच, 50 टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. हुपरीचा एक पेशंट होता आमचा, चांदीच्या पैंजणांचा धंदा घरचा, त्याला हे कळल्यावर खुर्चीत तोंड उघडं ठेवायचं सोडून डॉक्टरांना म्हणतो, साहेब, आम्ही एवढी भेसळ केली तर गिऱ्हाईक दुकान फोडंल.

मी 1989 ला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले, बारावी होऊन घरी बसले होते. पहिलं काम शिकले ते चांदी घोटायचं. काचेचा एवढासा खल, आतून खरखरीत, त्यात पूड टाकायची, बाटलीतून पारा सोडायचा, किती ते अंदाजानं, आणि घोटत बसायचं. आधी पूड एकीकडं, पारा एकीकडं पळतोय, काही केल्या एक होत नाही, आणि मग एकदम लोण्यासारखा चकचकीत गोळा तयार. तो फडक्यात घालून पिळायचा म्हणजे जादाचा पारा टपटप खाली, आणि मग चिमटीत दाबला की बारीक करकर आवाज यायचा, तो आला की समजायचं जमलं, जावा डॉक्टरांकडं घेऊन. कधी तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचे, मोजे-बिजे काही नाही. थेंब फरशीवर पडला की त्याचे पन्नास व्हायचे आणि कपाटाखाली पळायचे, मी केरसुणीनं गोळा करून कचऱ्यात टाकायचे. आज कुणी असं केलेलं बघितलं तर मी ओरडेन, झाडल्यानं तर तो अजूनच पसरतो, पण तेव्हा कोण सांगणार, डॉक्टर स्वतःही तसंच शिकले होते. 1994 ला मुलाच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत घोटत होते मी. मुलगा चांगला ठणठणीत आहे, घरात दरवाजाला डोकं लागतं त्याचं, तरी ते दिवस आठवले की पोटात गोळा येतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, पाऱ्याची खरी भानगड आहे ती वाफेत. वाफ श्वासातून गेली की जवळजवळ 80 टक्के अंगात मुरते. उलट फिलिंगचा तुकडा मोडून चुकून गिळला गेला तर तो पोटात फारसा शोषलाच जात नाही, सरळ बाहेर. म्हणजे जास्त धोका कुणाला, तर उघड्या खलात घोटणाऱ्या माझ्यासारखीला आणि दिवसभर तेच भरणाऱ्या डॉक्टरांना. तुमच्या दाढेत घट्ट बसलेल्या फिलिंगमधूनही वाफ येते, येत नाही असं मी म्हणणार नाही, चावताना, गरम चहा पिताना, आणि झोपेत दात खाणाऱ्यांना जरा जास्तच, पण ती अगदी थोडी. आणि ज्या दिवशी ते ड्रिलनं फोडून काढतात त्या दिवशी मात्र एकदम भसकन येते. म्हणजे पाऱ्याला भिऊन काढायला जायचं आणि त्याच दिवशी सगळ्यात जास्त पारा हुंगून यायचं, असा तो प्रकार.

माझ्या नणंदेचं सांगते. तिला एका ठिकाणी (नाव नको, वाद नको) सांगितलं की सहाच्या सहा फिलिंग एका झटक्यात काढूया, वर पांढरं भरूया आणि मग शरीरातला पारा बाहेर काढायची एक पावडर आहे ती तीन महिने घ्या. एस्टिमेट घेऊन ती माझ्याकडं आली, म्हणाली, "वहिनी, माझं डोकं दुखतंय, विसरायला होतंय, ते ह्यानंच असणार, मी सगळं काढूनच टाकतो बघ." मी विचारलं दाढ कुठली दुखते? कुठलीच नाही. मोडलीय? नाही. मग आमच्या जुन्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी टोकदार हत्यारानं एकेका फिलिंगची कड चाचपून बघितली, एक्स-रे काढले, दोन फिलिंगच्या खाली कीड निघाली. ती दोन बदलली, तीही एकाच दिवशी नाही. चार तशीच ठेवली. पावडरीचं डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं, पण बाहेर आल्यावर मला गंभीरपणे म्हणाले की पारा उतरवायची खरी औषधं असतात ती खरोखर विषबाधा झालेल्याला, दवाखान्यात लक्ष ठेवून देतात, अशी डब्यातून विकत नाहीत. डोकं म्हणाल तर तिचं अजून दुखतं.

आता तो मिनामाता वाला व्हिडिओ तुम्हाला पण आला असेल. जपानमधलं गाव, तिथल्या कारखान्यानं समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला, मासे खाणाऱ्या माणसांचे हातपाय वाकडे झाले, 1956 ला तो आजार उघडकीला आला. सगळं खरं आहे, पण तो पारा वेगळा, मिथाइल मर्क्युरी, मज्जातंतूंचा काळच, खाल्ला की जवळपास सगळा शोषला जातो. दातात असतो तो हा नव्हे. पण त्याच गावाच्या नावानं 2013 ला जगभरच्या देशांनी पाऱ्याबद्दल करार केला, भारतानं तो 2018 ला पक्का केला, आणि त्यात पुढं असं ठरलं की 15 वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना डॉक्टरांना अगदी गरज वाटल्याशिवाय हे फिलिंग भरायचं नाही, आणि 2025 च्या शेवटाला ठरलं की 2034 पर्यंत हे बंदच. युरोपात तर 1 जानेवारी 2025 पासून अगदी गरज असेल तरच, नाहीतर नाही.

मग लोक म्हणतात, बंद केलंय म्हणजे विषच की ओ! थांबा जरा. नवीन भरायचं बंद करणं वेगळं आणि भरलेलं उकरून काढणं वेगळं. बंद करण्यामागं मोठं कारण म्हणजे हा पारा जातो कुठं. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारीत, गटारीतून आमच्या पंचगंगेत, आणि पाण्यात गेला की त्याचाच तो माशातला पारा होतो. (आणि माणूस गेल्यावर सरणावर दातातला पारा पण वाफ होऊन वर जातो, इंग्लंडात त्यासाठी दाहिनीच्या चिमणीला फिल्टर लावतात. हे मी एकदा जेवताना सांगितलं तेव्हापासून घरात मला दातांचा विषय काढायला बंदी आहे.) शिवाय आता पांढरी मटेरियल चांगली आलीत, तेव्हा नव्हती. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि उपचाराच्या साधनांवर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी खातं) 2020 ला दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या, की गरोदर बायका, लहान मुलं, मेंदूचे किंवा किडनीचे पेशंट यांना शक्यतो हे भरू नका, आणि ज्यांच्या तोंडात चांगल्या स्थितीत आहे त्यांनी वैद्यकीय कारण नसेल तर काढू नका.

अजून एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि माझ्या मते तीच महत्त्वाची, ती म्हणजे तुमचा दात. चांदी दाताला चिकटत नाही, म्हणून डॉक्टर खड्डाच असा करायचे की तोंडाशी अरुंद आणि तळाला रुंद, मडक्यासारखा, म्हणजे भरलेलं निघून येणार नाही. म्हणजे चांगला दात पण थोडा कापलाच होता तेव्हा. आता ते काढताना परत कडेचा थोडा जाणार. आणि पांढरं भरताना दाढ कोरडी ठणठणीत लागते, जरा लाळ शिरली की ते नीट चिकटत नाही, मागच्या दाढांत मोठा खड्डा असेल तर ते चांदीइतकं टिकेलच असं नाही. मग अजून मोठं फिलिंग, मग रूट कॅनॉल, मग कॅप. 26 वर्षं हीच जिन्याची चढण बघितलीय मी खुर्चीशेजारी उभं राहून, पहिली पायरी बऱ्याचदा उगाच चढलेली असते.

तरी काढायचंच नाही असं नाही हं. कड उचललीय, खाली कीड आहे, दाढेला चीर गेलीय, चावलं की कळ येते, मग बदलाच, वाट बघू नका. फिलिंगला लागून गालाच्या आत पांढरं जाळीसारखं चट्टं उठलं असेल तर ती कधीकधी त्याचीच ॲलर्जी असते, दाखवून घ्या. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर तोवर चांदी शक्यतो भरायची पण नाही आणि काढायची पण नाही. आणि हसताना काळं दिसतंय म्हणून नको वाटत असेल तर तसं सरळ म्हणा, त्यात लाजायचं काय, फक्त त्याला पाऱ्याचं कारण चिकटवू नका.

माझं चौथं 2019 च्या आषाढात गेलं. भावाकडं मटण होतं, तांबडा-पांढरा झाला, आणि नळीचं हाड चोखता चोखता उजव्या खालच्या दाढेचा एक कोपरा कट्कन ताटात. दुसऱ्या दिवशी खुर्चीत मी, आणि माझ्या जागी नवीन पोरगी उभी. डॉक्टरांनी दाढेवर रबराचं पातळ कापड ताणून बसवलं, त्यातून फक्त ती एक दाढ वर, घशात काही जायला नको म्हणून, त्या पोरीनं जाड सक्शन अगदी दाढेला टेकवून धरलं, पाण्याचा फवारा चालू, आणि फिलिंगची पूड न करता दोन काप देऊन अख्खा तुकडा उचलला. तुम्ही काढणार असाल तर एवढं आधी विचारून घ्या डॉक्टरांना, रबर डॅम, म्हणजे ते रबराचं कापड, लावणार का, विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

तो तुकडा त्यांनी झाकणाच्या बाटलीत टाकायच्या आधी मला दाखवला. मसुरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, वरून काळा, कापलेल्या बाजूनं अजून चकचकीत. 1991 ला संध्याकाळी पेशंट संपल्यावर मीच तो घोटला होता आणि मीच खुर्चीत जाऊन बसले होते.

राहिलेल्या तिनांतल्या डावीकडच्या एकाच्या कडेला आता बारीक रेघ दिसायला लागलीय म्हणाले, दुखत काही नाही. दिवाळीनंतर या, बघू म्हणालेत, जाणार आहे.